देवळाचा पाया खणताना जुनं जोतं लागलं. पावसाला जेमतेम अठरा दिवस आहेत. काय करू?

पावतीपुस्तक (20 मे, रात्री 11.40)

राजापूर तालुका, खाडीपासून चालत अर्ध्या तासावर गाव. मी गावच्या जीर्णोद्धार समितीचा सेक्रेटरी. म्हणजे वर्गणीच्या पावत्या फाडणं, मुंबईकर मंडळाला फोन करणं आणि दोन्हीकडच्या शिव्या खाणं हे माझं काम. बाकी माझी हापूसची साठ-सत्तर कलमं आहेत, त्यामुळे मे महिन्यात मला श्वास घ्यायला वेळ नसतो हे इथल्या लोकांना सांगायला नको.

ग्रामदेवतेचं देऊळ चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. आजोबांच्या आठवणीत एकदा वाढवलेलं. दोन वर्षांपूर्वी मागची भिंत फुगली, म्हणून नवीन बांधायचं ठरलं. कौल लावला (देवीला लावलेली कळी उजवीकडे पडली की होकार, डावीकडे पडली की नकार), उजवा मिळाला, देवी तात्पुरती गुरवाच्या घरी नेली आणि सोमवारी जेसीबी आला. मागच्या बाजूला पहिला खड्डा साडेचार फूट गेला आणि ‘खर्र’ असा आवाज आला. मी तिथेच होतो. ड्रायव्हर म्हणाला कातळ लागला. पण कातळ असा सरळ रेषेत नसतो.

घमेल्याने माती काढली तर काळ्या दगडाची ओळ. घडीव दगड, खाली रुंद, वर तिरपा होत गेलेला, मध्ये गोल कंगोरा. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड बसवलेला, सांध्यात नख जात नाही. अकरा फूट लांबी उघडी झाली आहे, पुढे मातीत गेली आहे. एका दगडावर बकेटच्या दाताचा पांढरा ओरखडा आहे. तो बघितला की पोटात कसंतरी होतं.

त्याच खड्ड्यात अजून काही मिळालं. अर्धा तुटलेला मोठा दगड, आवळ्यासारख्या फोडी असलेला. उत्तरेकडे तोंड असलेली दगडी पन्हळ, पुढचा भाग फुटका. खापरं भरपूर, त्यातली काही लाल गुळगुळीत. आणि साधारण तीन फुटांवर एक काळपट पट्टा, त्यात कोळसा. वाडीतल्या एका मुलीने मातीचा मणी उचलून नेला, तो अजून परत आलेला नाही.

गावात आता तीन पक्ष. एक म्हणतो पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं देऊळ आहे, कोंबडा आरवला म्हणून अर्धवट राहिलं, त्यामुळे सगळं खणून काढा आणि लोकांना दर्शनाला खुलं करा. दुसरा म्हणतो कुणाला सांगू नका, सरकार जागा घेईल, वरून पीसीसी (सिमेंट काँक्रीटचा थर) मारून मोकळे व्हा. तिसरा पक्ष म्हणजे मी आणि शाळेतले एक गुरुजी, आणि आम्हाला काहीच कळत नाही. शिवाय काल घाटावरून एक माणूस गाडी घेऊन आला. ‘जुने दगड, मूर्ती असतील तर बघतो’ म्हणाला. कुणी बोलावला त्याला, देव जाणे.

ठेकेदार रोजचा खोळंबा मोजतो आहे. चाकरमानी 5 जूनला परत जातील, मग मीटिंगला माणूस मिळणार नाही. मृग लागायच्या आत काय करावं, क्रमाने सांगा. ‘जाणकारांना विचारा’ असं कृपया लिहू नका, तेच विचारायला आलो आहे.

चाकरमानी_परळ (21 मे, सकाळी 7.05)

भावा, तुमच्या गावची नाही, पण आमच्या गावची गोष्ट सांगतो. असाच दगड निघाला, वर्तमानपत्रात फोटो आला, लोक येऊन नारळ फोडून गेले आणि देऊळ सहा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये आहे. वर्गणी दिलेली माणसं एकेक करून वर गेली. देव महत्त्वाचा की दगड? जुन्यावर नवीन बांधायची रीतच आहे आपली. माझं मत: फोटो काढा, पीसीसी मारा, कळस चढवा.

आलेखकागद (21 मे, दुपारी 2.20)

पावतीपुस्तक, जेसीबी आधी घरी पाठवा. आजच. मग पुढचं वाचा.

मी पुरातत्त्वज्ञ नाही. एका विद्यापीठाच्या उत्खननांवर एकोणीस हंगाम नकाशे काढले, आता गुडघ्यामुळे घरी असतो. त्यामुळे तुमचं देऊळ कुठल्या शतकातलं ते माझ्याकडून काढून घेऊ नका. तुमच्या हातात असलेलं कसं वाचवायचं तेवढं सांगू शकतो.

तुम्ही त्या काळ्या दगडांकडे बघताय. ते कुठे पळत नाहीत. मला त्या खड्ड्याच्या कापलेल्या बाजूची जास्त काळजी आहे. साडेचार फुटांची ती मातीची भिंत म्हणजे खालून वर वाचायची वही आहे आणि तुमचा कोळशाचा पट्टा हे तिचं एक पान. पट्टा दगडांच्या वरून जातो का, दगडाला येऊन टेकतो का, की दगड बसवण्यासाठी तो कापलेला दिसतो? या तीन उत्तरांना तीन वेगळे अर्थ आहेत. वरून जात असेल तर जोतं पडून गाडलं गेल्यानंतर तिथे काहीतरी जळलं. दगड बसवायला तो कापला असेल तर जळणं आधीचं, देऊळ नंतरचं. आणि एका सरीत ही बाजू ढासळली की वही संपली. दगड राहतील, पण त्यांची गोष्ट सांगणारं कुणी राहणार नाही.

म्हणून गुरुजींना घ्या, गवंड्याची छोटी करणी घ्या आणि ती बाजू उभी, सरळ खरवडा. खाली खणायचं नाही, नुसता तोंडावरचा मळ काढायचा. सकाळी लवकर करा, ऊन तिरपं पडलं की थर भांडल्यासारखे वेगळे दिसतात. सुकून सगळं एकाच रंगाचं झालं तर फवाऱ्याने हलकं पाणी मारा, पुन्हा उठून दिसेल. आडवी दोरी ताणा, पाणपातळीने सरळ करा, दर वीस सेंटिमीटरला दोरीपासून वर-खाली टेपने मोजा आणि आलेख कागदावर ठिपके मारा. शाळेत आलेख कागद मिळतोच. प्रमाण एकास वीस ठेवा, म्हणजे जमिनीवरचा एक मीटर कागदावर पाच सेंटिमीटर. चित्र सुंदर नको, खरं हवं.

दगडांची ओळ वरून काढायची तर हलणार नाहीत असे दोन खुणेचे बिंदू धरा. दीपमाळेचा कोपरा, विहिरीचा कठडा, असं काहीतरी. प्रत्येक दगडाचा कोपरा दोन्ही बिंदूंपासून मोजा. नवीन देवळाच्या कोपऱ्यापासून मोजू नका, ते अजून आहे कुठे? फोटोत एक काठी ठेवा, दहा-दहा सेंटिमीटरला काळी-पांढरी रंगवलेली, आणि उत्तर दिशेचा बाण. चपलेचा जोड ठेवून काढलेले फोटो मी आयुष्यभर पाहिले. चप्पल कितव्या नंबरची ते कुणालाच आठवत नाही.

खापरं. लाल गुळगुळीत वेगळी, काळी वेगळी अशी निवडत बसू नका. कुठल्या थरातली, तेवढंच वेगळं करा. थराला आकडा द्या, त्या थराची एक पिशवी. आत एक चिठ्ठी, बाहेर एक, दोन्ही पेन्सिलीने. बॉलपेनची शाई कोकणच्या हवेत पसरते. जेसीबीने उपसलेल्या ढिगातली खापरं स्वतंत्र पिशवीत, ‘ढीग’ असं लिहून. त्यांचा थर गेला, तो परत मिळत नाही. कोळशाचे दोन-चार तुकडे करणीच्या टोकाने उचलून थेट ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये. हात लावायचा नाही, धुवायचे नाहीत. पुढे कुणाला कार्बनवरून काळ मोजायचा झाला तर तेच कामाला येतील. आणि त्या मुलीला रागावू नका. मणी नेमका कुठे सापडला ते तिलाच दाखवायला सांगा. मुलं जागा विसरत नाहीत.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुमच्या लोकांची होणार नाही. पहिल्याच हंगामात मला एक खड्डा साफ करायला दिला होता. नारळाच्या हिरांचा खराटा घेतला आणि वरची भुसभुशीत, जराशी पिवळट माती झाडून बाजूला केली. खाली टणक जमीन लागली, मी खूश. संध्याकाळी सर आले, खड्ड्यात उतरले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘इथली जमीन कुठे गेली?’ ती पिवळट माती म्हणजेच घराची जमीन होती, चोपण्याने चोपलेली, शेणाने सारवलेली, शेकडो वर्षांत ओलीने भुसभुशीत झालेली. कुणाच्या तरी बाईने आठवड्याला सारवलेली जमीन मी पाच मिनिटांत घमेल्यात भरली. कामावरून काढलं नाही, पण त्या हंगामात खराटा पुन्हा हातात मिळाला नाही.

म्हणून पांडवपक्षाला सांगा, ‘सगळं खणून काढा’ याचा अर्थ ‘सगळं एकदाच वाचा आणि फाडून टाका’ असा होतो. दुसऱ्यांदा खणता येत नाही. सोपाऱ्याला (आजचं नालासोपारा) 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी बुरुड राजाचा कोट म्हणतात तो स्तूप खणला. आत दगडी पेटी, पेटीत एकात एक बसवलेल्या डब्या, भोवती आठ कांस्यमूर्ती. आज आपण त्याबद्दल बोलू शकतो कारण त्यांनी नोंदी ठेवून छापल्या. तोच स्तूप खजिन्यासाठी कुणी फोडला असता तर आठ मूर्ती आठ घरांत गेल्या असत्या.

‘हेमाडपंती’ हा शब्दही जपून वापरा. कोकणात एक तर सगळं पांडवांचं असतं, नाहीतर हेमाडपंतांचं. बिनचुन्याचं दगडी काम दिसलं की हेमाडपंती. अंबरनाथच्या देवळाला लोक तेच म्हणतात, पण तिथला शिलालेख शके 982 चा, म्हणजे 1060 चा. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, यादवांच्या दरबारात आला तेराव्या शतकात. दोनशे वर्षं आधी काय स्वप्नात येऊन बांधलं?

तुमच्या वर्णनावरून एवढंच म्हणतो: तिरपा दगड आणि त्यावर गोल कंगोरा म्हणजे अधिष्ठानाचे, म्हणजे देवळाच्या जोत्याचे, थर वाटतात. आवळ्याच्या फोडींचा दगड बहुतेक आमलक, तो शिखराच्या माथ्यावर असतो. तो खाली पडलेला आहे म्हणजे शिखर होतं आणि ते पडलं. पन्हळ उत्तरेला तोंड करून असेल आणि जागची हललेली नसेल तर गाभारा तिच्या लगेच दक्षिणेला असायला हवा, कारण अभिषेकाचं पाणी बहुतेक देवळांत उत्तरेला काढतात. आणि ओळ मध्येच संपलेली दिसली तर तिथे भिंत नव्हतीच असं धरू नका. दगड उपसून नेले की त्या जागी चर राहतो आणि तो वेगळ्या, मऊ मातीने भरतो. नसलेली भिंत मातीच्या रंगात दिसते. नेलेले दगड मात्र गावातच असतात. विहिरीचे कठडे, पायऱ्या, धोंडी, गडगे (दगडी कुंपणं) बघत एक फेरी मारा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: झाकून टाका. हे ऐकून लोकांचा हिरमोड होतो, पण उघडं ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. आपल्याकडे चार महिन्यांत तीन मीटरच्या वर पाऊस पडतो. मातीच्या आत दगड इतकी वर्षं एकाच ओलीत होता. एकदम उन्हात आला की आतलं पाणी पृष्ठभागाकडे धावतं, त्यातले क्षार तिथे साखरेसारखे जमतात आणि पापुद्रे उडतात. त्यानंतर वडापिंपळाची रोपं, शेवाळ, गुरं आणि नारळ फोडणारे भाविक.

झाकायला प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो. रस्त्याच्या कामाला वापरतात ते पांढरं, न विणलेलं जिओटेक्सटाइल आणा, पाणी जाऊ देतं आणि माती अडवतं. ते दगडांवर आणि कापलेल्या बाजूवर अंथरा. वर चाळलेली माती, त्याच खड्ड्यातली, हाताने, थराथराने, पायाने हलके दाबत. समुद्राची वाळू चुकूनही नको, मीठ घालाल. सगळ्यात वर मातीचा उंचवटा, पाणी बाहेर पळेल असा, आणि डोंगराकडून येणारं पाणी तोडायला वरच्या अंगाला चर. कापडावर या वर्षाचं एक नाणं टाका. शंभर वर्षांनी कुणी खणलं तर त्याला कळेल की इथपर्यंत तुम्ही आला होतात.

परळकर, देव की दगड असा प्रश्नच नाही हो. तो दगड तुमच्याआमच्या आधी कुणीतरी वर्गणी काढूनच बसवला असणार.

मालवणी_खाजा (21 मे, दुपारी 3.02)

पयलो पाऊस पडाच्या आधी ता झाकून टाक. मगे काय ता बघूया. आणि त्या गाडीवाल्याचो नंबर लिवन ठेव.

घाण्यावरचा (21 मे, रात्री 9.15)

आलेखकागद यांनी सगळं सांगितलं, मी फक्त गवंड्याच्या बाजूने बोलतो. आजा आणि बाप चुन्याचं काम करायचे, मी सिमेंटवर वाढलो आणि चाळिशीत परत चुन्याकडे आलो. का आलो ते सांगतो.

आमच्याच गावातल्या एका वाड्याची चिऱ्याची भिंत मी सिमेंटने दर्जा (दगडांचे सांधे) भरून दिली होती. पहिल्या वर्षी काय दिसत होती! सहा-सात पावसाळे गेले आणि चिरा भुगा होऊन आत गेला. सिमेंटच्या रेघा मात्र तशाच, रिकाम्या जाळीसारख्या बाहेर उभ्या. मालक म्हणाला चिरा खराब होता. चिरा दोनशे वर्षं चांगला होता, खराब मी केला. चिरा म्हणजे जांभा दगड, तो पाणी पितो आणि सोडतो. सांध्यातून सोडायचा रस्ता बंद केला की तो आपल्या अंगातून सोडतो. चुना दगडापेक्षा मऊ राहतो आणि आधी स्वतः झिजतो. दर वीस-तीस वर्षांनी सांधे परत भरावे लागतात, त्याला लोक दोष म्हणतात.

तुमच्या काळ्या दगडाच्या ओळीत चुना नव्हताच म्हणता, तर त्या सांध्यात काहीही भरू नका. ना चुना, ना सिमेंट, ना केमिकल. दगड बसलाय तो वजनावर बसलाय. कुठे आत लोखंडी पकड गंजलेली दिसली तर ती उपटू नका, गंजून फुगलेलं लोखंड ओढलं की दगडाची कड घेऊन येतं. तारेचा ब्रश नको, ॲसिड नको. ओरखडा झाकायला काळा ऑइलपेंट मारायची कुणाला तरी हुक्की येईल, त्याचा हात धरा.

नवीन देवळाच्या चिऱ्याच्या भिंतींना चुना वापरणार असाल तर आत्तापासून लागा. चुनकळी (भाजलेला चुना) पाण्यात विरवून महिनोन् महिने मुरवावी लागते. एक भाग चुना, दोन-तीन भाग वाळू आणि सुर्खी (विटांचा भुगा), घाण्यात मळायचं. बेलफळ, गूळ, हिरडा हे आमचे आजे घालायचे, पण आधी चुना नीट मुरू दे, गूळ नंतर. पूर्वी किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करत, आता भट्ट्या कुठे राहिल्या. आणि चुन्याला पाणी मारत राहावं लागतं, हवेतून तो हळूहळू दगड होतो. ठेकेदाराला हे परवडत नाही, त्याला पुढची साइट असते.

पावतीपुस्तक (22 मे, पहाटे 5.30)

सगळ्यांचे आभार. जेसीबी गेला. ठेकेदार आधी काही बोलला नाही, आता बोलतो आहे, तेच वाईट आहे. आज गुरुजी आलेख कागद घेऊन येतायत.

पण ‘सरकार जागा घेईल’ यावर कुणी बोललं नाही. उद्या मीटिंग आहे आणि तोच मुद्दा येणार. खरं काय आहे?

सातबारा (22 मे, सकाळी 10.10)

महसुलात नोकरी झाली, आता निवृत्त. वकील नाही, पण कागद बरेच हाताळलेत.

नुसतं काही सापडल्याने जागा जात नाही. केंद्राच्या 1958 च्या कायद्यात एखादी वास्तू संरक्षित करायची तर आधी तसा इरादा जाहीर करावा लागतो, हरकतींना दोन महिने द्यावे लागतात. लोक घाबरतात ते शंभर आणि दोनशे मीटरच्या नियमाला. तो 2010 च्या दुरुस्तीने कायद्यात आला, पहिले शंभर मीटर बांधकामाला बंदी आणि पुढचे दोनशे मीटर परवानगीने. पण ते केंद्र संरक्षित स्मारकांच्या भोवती. तुमच्या खड्ड्याभोवती आज कुणी वर्तुळ काढलेलं नाही.

न कळवणं मात्र महागात पडू शकतं. 1878 चा जुना निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कधी. लपवणं गुन्हा आहे. तुमचं जोतं ‘निधी’ ठरो न ठरो, आमलक, पन्हळ, मणी सगळं लिहून कळवा आणि पोच घ्या. एक प्रत तहसीलदारांना, एक राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला, एक ग्रामपंचायतीच्या दप्तरी. गुरुजींचा नकाशा सोबत जोडा. नकाशा जोडलेला अर्ज टेबलावर वेगळा दिसतो, हे अनुभवाने सांगतो. झाकायच्या आधी संचालनालयाकडचं कुणी येऊन बघून गेलं तर उत्तम. नाहीच आलं तर पावसापासून वाचवायला झाकतो आहोत असं अर्जातच लिहा.

घाटावरच्या पाहुण्यासाठी: शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, कोरीव दगड विकायचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, 1972 चा कायदा. त्याला परवाना दाखव म्हणा. पुन्हा येणार नाही.

खणायच्या बाबतीत, अभ्यासाचं उत्खनन गावाने करायचं नसतं. विद्यापीठांनासुद्धा केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो.

चाकरमानी_परळ (22 मे, दुपारी 1.30)

सगळं बरोबर असेल. पण देवी किती वर्षं गुरवाच्या पडवीत ठेवायची ते कुणी सांगेल का? मूळ जागा सोडून देव बसत नाही आमच्याकडे.

आलेखकागद (22 मे, दुपारी 4.45)

रास्त प्रश्न, आणि कालच्या घाईत मी तो टाळला. मूळ जागा सोडायलाच हवी असं नाही. झाकलेल्या अवशेषांवर वाळूचा थर देऊन वर जमीन करता येते, खोल खणायचे खांब तेवढे जोत्याच्या रेषेबाहेर घ्यायचे. त्यासाठी आधी रेषा कुठून कुठे जाते ते कळायला हवं, म्हणूनच नकाशा. खर्च वाढेल, खोटं बोलत नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरला तो कागद दाखवा, ठेकेदाराला नाही.

आणि धीर असेल तर पन्हाळेकाजीला जाऊन या, दापोलीकडे. कोटजाई नदीकाठची ती एकोणतीस लेणी गाळात होती. 1970 च्या सुमारास त्या भागात शिलाहार राजांचा ताम्रपट मिळाला, 1139 चा, आणि मग म. न. देशपांडे यांनी लेण्यांचा छडा लावला. ताम्रपट ज्याला सापडला त्याने तो तांबटाला घातला असता तर? गावकऱ्यांना घेऊन जा. एस.टी.त बसून मत बदलतं माणसांचं.

पावतीपुस्तक (9 जून, रात्री 10.15)

उशीर झाला, माफ करा. आंबा आणि मीटिंगा.

23 तारखेची मीटिंग साडेचार तास चालली. नकाशा भिंतीला लावला होता. गुरुजींनी नववीच्या चार मुलांना घेऊन तो दोन दिवसांत काढला, एका ठिकाणी चहाचा डाग आहे. मुलीने मणी आणून दिला आणि जागा दाखवली, कोळशाच्या पट्ट्याच्या खाली वीतभर. म्हणजे पट्ट्याच्या आधीचा, बरोबर ना? आणि पट्टा दगडाला टेकून थांबतो, कापलेला नाही, वरूनही जात नाही. आलेखकागद, याचा अर्थ काय ते निवांत लिहा.

अर्ज दिले, तीन पोचा फाइलला आहेत. 29 तारखेला दोन माणसं येऊन बघून, फोटो काढून गेली. पावसाळ्यानंतर पुन्हा येऊ म्हणाली. बघू.

झाकायचं ठरलं तेव्हा पांडवपक्षाचे मानकरी उठून गेले. मग गुरवाने गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. पहिली कळी हललीच नाही. दुसऱ्यांदा डावी पडली. माझे हातपाय गार. गुरव म्हणाला, प्रश्नच चुकीचा विचारलाय, ‘बुजवू का’ असं कुणी देवीला विचारतं का? मग ‘पावसापासून पांघरूण घालू का’ असं विचारलं, आणि उजवी. यावर कुणी काही बोललं नाही.

जिओटेक्सटाइल रत्नागिरीहून आणलं. 1 आणि 2 जूनला माती भरली, चाळीस माणसं, मुंबईकर बायका सगळ्यात जास्त. नाणं टाकलं. परळकर, तुमच्यासारखेच एक काका सकाळपासून विरोधात होते, दुपारी तेच चाळण धरून बसले होते. 6 तारखेला रात्री पाऊस आला. पहाटे बॅटरी घेऊन गेलो, वरच्या चरातून पाणी वळून जात होतं. थोडं एका कोपऱ्यात साठलं, तिथे अजून माती टाकली.

नवीन देवळाचं काय ते दिवाळीनंतर. इंजिनियर नकाशा बघून डोकं खाजवत होता, पण नाही म्हणाला नाही. ठेकेदाराने आगाऊ रक्कम परत दिलेली नाही, तो वेगळा धागा काढीन.

दगडांची फेरी मारली. मुलांनी सोळा मोजले. सहा विहिरीच्या कठड्यात, तीन शाळेच्या पायरीला, एक पाणंदीत उलटा, बाकीचे गडग्यांत. प्रत्येकाला आकडा दिला, हलवला एकही नाही. सतरावा काल सापडला. आमच्या न्हाणीत. तिरपा दगड, वर गोल कंगोरा, जन्मल्यापासून मी त्यावर उभा राहून अंघोळ करतोय. आजीला सांगितलं की याचीही नोंद करायची आहे. ती म्हणाली, नोंद कर, पण उचलणार असशील तर आधी सांग, पावसाळाभर मी कपडे कुठे आपटू?